विश्लेषण : महागड्या दुर्बिणीने रायफलचा नेम सुधारतो का?

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. या प्रकारात ती चालतच नाही. डोळ्याजवळचे बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाची गोल कडी, एवढ्यावर १०.४ मिलिमीटरचे वर्तुळ टिपायचे असते. मग अमेरिका-युरोपातले काही शिकारी दुर्बिणीला २,००० डॉलरहून अधिक का मोजतात?

जादा पैसे कशाचे?

मुख्यतः उजेडाचे. हरीण चरायला निघते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. उत्तम लेपाने हे नुकसान अर्ध्या टक्क्याखाली येते. भर दुपारी हा फरक जेमतेम जाणवतो, अंधारताना मात्र चांगलाच कळतो.

दुसरा खर्च यंत्रणेचा. लांबच्या नेमासाठी दुर्बिणीवरची चकती फिरवतात. ०.१ मिलच्या एका ‘क्लिक’ने १०० मीटरवर नेम १ सेंटीमीटर सरकायला हवा आणि गोळीबाराचे धक्के सोसूनही चकती मूळ जागी परतायला हवी. स्वस्त दुर्बीण इथे दगा देऊ शकते.

झूम जास्त म्हणजे चांगले?

नाही. पुढच्या भिंगाच्या व्यासाला झूमने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० मिलिमीटरच्या भिंगात ४ पट झूमला ती १० मिलिमीटर, १० पटीला फक्त ४. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे सांजवेळी झूम वाढवला की चित्र मोठे, पण काळपट. हे गणित किमतीने बदलत नाही.

मग घ्यावी का?

दिवसाउजेडी १०० मीटरवर मध्यम किमतीची पुरते. सांजवेळी किंवा ५०० मीटरपलीकडे महागडीचे पैसे वसूल होतात. पण दुर्बीण फक्त दाखवते, हात स्थिर करत नाही. शिकाऱ्याचा नेम चुकला तर जखमी जनावर रानात तडफडत राहते. म्हणून आधी खर्च सरावाच्या काडतुसांवर व्हावा.

आपल्याकडे काय?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, मोजके अपवाद वगळता, शिकारीला बंदी आहे. ऑलिम्पिक रायफल प्रकारांत दुर्बीण नाही. त्यामुळे मुलांना नेमबाजीत घालणाऱ्या पालकांनी रायफलची दुर्बीण यादीतून खुशाल खोडावी. तेच पैसे छर्रे आणि प्रशिक्षणावर अधिक कामी येतील.