पट्टी कोण वाचतो ?

फेब्रुवारी २०२३ मध्यें बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा विकला. भाव निघाला किलोस एक रुपया. त्या ५१२ रुपयांतून गाडीभाडें, हमाली, तोलाई वगैरे मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले आणि बाकी राहिली २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला तो दोनच रुपयांचा, व तोही पुढल्या तारखेचा. सगळ्या वर्तमानपत्रांनीं ही बातमी छापली, चावडीवर हळहळ झाली आणि पुढल्या बाजारापर्यंत लोक ती विसरूनही गेले. आम्ही मात्र विसरलों नाहीं. आम्ही पडलों शाळामास्तर. वजाबाकी दिसली कीं ती फळ्यावर मांडून पाहण्याची आम्हांस खोड आहे.

सातवीच्या वर्गास आम्हीं हें उदाहरण घातलें. उत्तर सगळ्यांचें बरोबर आलें. मग आम्हीं विचारलें, "मुलांनो, या हिशेबांत कांहीं राहिलें आहे काय ?" बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं मागल्या रांगेंतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आईची खुरपणी राहिली."

वाचकहो, त्या पोरीनें जें एका वाक्यांत सांगितलें, त्यावरच दिल्लीस थोर थोर विद्वान वर्षानुवर्षें वाद घालीत आहेत. केंद्र सरकारचा कृषि मूल्य आयोग १९६५ सालीं स्थापन झाला. हा आयोग पिकाचा खर्च निरनिराळ्या रीतींनीं मांडतो. पहिल्या रीतींत बीं, खत, औषध, गड्याबायांची मजुरी, डिझेल असा पदरचा खर्च येतो. दुसऱ्या रीतींत घरच्या माणसांनीं शेतांत गाळलेल्या घामाची मजुरी मिळवितात. तिसऱ्या रीतींत त्याखेरीज स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याजही धरतात. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील शेतकरी आयोगानें २००६ सालीं शिफारस केली कीं आधारभाव हा उत्पादनखर्चाहून निदान निम्म्यानें अधिक असावा. २०१८ सालापासून सरकार म्हणत आलें आहे कीं आम्ही दीडपट देतों. शेतकऱ्यांचे पुढारी म्हणतात, दीडपट देतां हें खरें, पण दुसऱ्या रीतीच्या खर्चाच्या दीडपट, तिसऱ्या रीतीच्या नव्हे. भांडण आहे तें एवढेंच, कीं खर्चांत काय धरावयाचें आणि काय सोडावयाचें. कांद्याला तर आधारभावही नाहीं. तेव्हां त्या मुलीच्या आईची खुरपणी बाजाराच्या पट्टींत नाहीं, आणि सरकारच्या भावांतही नाहीं. ती घरांत तरी कोणी धरली आहे काय ? किराणा दुकानदार आपण गादीवर बसल्याची मजुरी साखरेच्या भावांत बरोबर घालतो. आमचा कुणबी बायको, आई, सून व दोन पोरें यांना वावरांत राबवून म्हणतो, "घरचींच माणसें, त्यांना काय द्यायचें ?" द्यायचें नसेल तर देऊं नका, पण लिहून तरी ठेवा.

आमच्या कारागीर बंधूंचीही हीच गत आहे. बलुतें होतें तेव्हां वर्षाचें धान्य ठरलेलें असे, तें कमी असो वा अधिक. रोखीचा व्यवहार आला, पण हिशेबाची वही आली नाहीं. सुतारदादा चौकटीचा भाव सांगतांना लांकूड, खिळे व रंग धरतात. चार दिवस रंधा मारला तो धरीत नाहींत. कोल्हापुरी वहाणेचें तर सर्व जगानें पाहिलें. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, त्यावर हातानें केलेली वेणी, असा हा माल. २०१९ सालीं त्यास सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालें. जून २०२५ मध्यें प्राडा नांवाच्या इटालियन कंपनीनें मिलान शहरांत त्याच घाटाच्या वहाणा मिरविल्या. त्यांची किंमत लाखाच्या पुढें असल्याचें छापून आलें. ओरड झाली तेव्हां, ही कल्पना हिंदुस्थानी हस्तकारागिरीवरून घेतली, असें कंपनीनें कबूल केलें. एक जण नांवाचे पैसे घेतो आणि दुसरा हाताचेही मागत नाहीं ! परक्यांस शिव्या देणें सोपें आहे; पण आपल्या एका जोडास किती तास लागले हें ज्यानें कधीं मोजलेंच नाहीं, तो कोणापाशीं काय मागणार ?

असो. गेल्या सुगीपासून दर शनिवारीं सांजच्याला चावडीच्या ओट्यावर आम्ही मुलांना घेऊन बसतों. ज्याच्या घरीं बाजाराची पट्टी आली असेल त्यानें ती आणावी, मुलांनीं मोठ्यानें वाचावी आणि बेरीज-वजाबाकी पडताळावी, एवढाच हा उद्योग. पहिल्या शनिवारीं तिघे आले. तेही एवढ्यासाठीं कीं मास्तरास नाहीं कसें म्हणावें. दुसऱ्या आठवड्यांत एका मुलास बापाच्या पट्टींत हमाली दोनदां सांपडली. एकदां 'हमाली' म्हणून आणि खालीं 'उतराई' म्हणून. बाप त्याच मुलास घेऊन बाजारास गेला. दिवाणजीनें चष्मा वर करून पट्टी पाहिली, पोराकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां ६४ रुपये काढून दिले. चौसष्ट रुपयांनीं कोणाचें घर वर येत नाहीं. पण त्या रात्रीं तो बाप आमच्या दारीं येऊन बसला आणि मागल्या तीन वर्षांच्या पट्ट्या आपण चुलींत घातल्या म्हणून हळहळला.

दुसरी गोष्ट मात्र अशी गोड नाहीं. २०१६ सालापासून महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावयाची, असा नियम झाला आहे. कांदाही त्यांत येतो. एका घरच्या पट्टींत 'इतर' या नांवाखालीं एक रक्कम कापलेली होती. मुलांनीं तिचा शेकडा काढला, तों ती पूर्वीच्या अडतीएवढी भरली. आम्हीं म्हटलें, हें विचारा. त्या गृहस्थानें पट्टी घडी करून खिशांत घातली व खालीं मान घालून म्हटलें, "मास्तर, राहूं द्या. त्याची उचल आहे माझ्याकडे."

या एका शब्दापाशीं आमचें सारें अंकगणित थांबलें. म्हणून तो शब्द येथें जरा उकलून पाहूं. लागवडीच्या वेळीं अडत्या चाळीस हजार रुपये देतो. कागद नाहीं, जामीन नाहीं, हेलपाटे नाहींत. व्याजही घेत नाहीं म्हणून घरांत त्याचें कौतुक होतें. अट एकच, कीं माल त्याच्याच गाळ्यावर आला पाहिजे. मग चार महिन्यांनीं शेजारच्या गाळ्यावर क्विंटलास पन्नास रुपये अधिक मिळत असले तरी गाडी तिकडे वळवितां येत नाहीं. माल ऐशी क्विंटल असला तर तोटा चार हजारांचा. चाळीस हजारांवर चार महिन्यांस चार हजार, म्हणजे वर्षास शेकडा तीस ! हें बिनव्याजी पैशाचें व्याज. शिवाय पट्टींत 'इतर' लिहिलें तरी तोंड उघडावयाचें नाहीं, ही वरकड.

सोसायटीचें पीककर्ज तीन लाखांपर्यंत असलें व वेळेवर फेडलें, तर केंद्र सरकारची सवलत जातां शेकडा चारानें पडतें. चाराचें कर्ज सोडून तिसाचें कोण घेईल, असें शहरांतील शहाणे विचारतील. त्यांनीं आमच्या गांवीं येऊन पाहावें. सोसायटीस सात-बारा लागतो. ज्याची जमीन अजून आज्याच्या नांवावर आहे, जो दुसऱ्याचें वावर बटाईनें करतो, जी विधवा दिरांच्या खातेफोडीची वाट पाहत बसली आहे, त्यांनीं काय दाखवावें ? आणि सोसायटी पिकास देते. बाळंतपणास, दवाखान्यास व लग्नास देत नाहीं. माणूस काय फक्त पिकासाठींच अडतो ? अडत्या मध्यरात्रीं दार उघडतो, हें त्याचें खरें भांडवल आहे. त्याला नुसता चोर म्हटल्यानें हें भांडवल कमी होत नाहीं.

आमच्या वाडवडिलांनींही हा पेंच अनुभवला आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी उठले, सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तेथील रोखे व वह्या काढून त्यांनीं जाळल्या. पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. त्यांनीं जाळलें काय, हें ध्यानांत घ्या. जें कागद आपल्यास वाचतां येत नव्हते आणि ज्यांवर आपला अंगठा होता, ते कागद त्यांनीं जाळले. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. न वाचतां येणाऱ्या वहीचें माणूस दुसरें काय करील? सरकारनें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा केला. त्यांत ऋणकोस पावती मागण्याचा व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. परंतु पावती हातीं आली तरी ती वाचणार कोण ? जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यांत विद्या नसल्यामुळें शेतकरी कसा नागवला जातो हेंच उघडें केलें आहे. कोल्हापुरीं शाहू महाराजांनीं १८९५ सालीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्यास आरंभ केला. पेठ आणि शाळा हीं दोन्हीं एकाच धन्याच्या डोक्यांत कां आलीं, याचा उलगडा आम्हांस त्या शनिवारीं ओट्यावर झाला.

सहकारानें पुष्कळ केलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. लोणीस विठ्ठलराव विख्यांनीं धनंजयराव गाडगिळांस सोबत घेऊन शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढला व १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आज किती सभासद आपल्या सोसायटीचा किंवा कारखान्याचा वार्षिक अहवाल उघडतात ? सभेंत चहा होतो, 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो, आणि अहवालाच्या कागदावर पोरें भेळ खातात. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्यानें सभासदास संस्थेचें दप्तर पाहण्याचा हक्क दिलेला आहे. हा हक्क वापरणारा माणूस आमच्या गांवांत एकही नव्हता, आणि हें लिहितांना आम्हांसच लाज वाटते, कारण आम्हीही त्या सोसायटीचे सभासद आहों. सावकाराची वही वाचतां आली नाहीं हें एक वेळ समजतें. आपल्याच संस्थेची वही न वाचणें याला काय म्हणावें?

कोणी म्हणेल, मास्तर, वही लिहून भाव वाढतो काय ? नाहीं वाढत. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली व ती मे २०२४ पर्यंत खुली केली नाहीं, तेव्हां ज्यांनीं वह्या लिहिल्या त्यांचा कांदा कांहीं अधिक भावानें गेला नसता. भाव ठरविणारे हात दूर आहेत. पण वीस घरांनीं एका पिकाचा खर्च सारख्या रीतीनें लिहिला, त्यांत बायांचे दिवस धरले, आणि तो कागद घेऊन वीस माणसें बाजार समितीपुढें उभीं राहिलीं, तर निदान "तुमचा खर्च तरी किती येतो ?" या प्रश्नाला आजच्यासारखीं वीस निरनिराळीं उत्तरें येणार नाहींत. उचलीचेंही तसेंच. उचल एका दिवसांत फिटणार नाहीं. तथापि बचत गटांतील बायांना आम्ही विनंती केली आहे कीं, दवाखान्याच्या अडचणीला गटांतून आधीं द्यावें आणि बाकीचें मागून पाहावें. त्यांनीं दोन महिन्यांत तीन घरांस असें दिलें. त्या तिन्ही घरांस या खेपेस अडत्याच्या दारीं जावें लागलें नाहीं.

ज्या गृहस्थानें पट्टी घडी करून ठेवली होती तो मागल्या शनिवारीं पुन्हां आला. पट्टी त्यानें दिली नाहीं, पण शेवटपर्यंत बसून राहिला, आणि जातांना मुलाच्या वहींत आपल्या घरचे खुरपणीचे दिवस लिहवून गेला : बायको एकवीस, आई नऊ, स्वतः चौदा.

येत्या शनिवारींही आम्ही बसणार आहों. इतर गांवच्या मास्तरांनीं आपापल्या ओट्यावर असेंच बसावें. ज्यांच्या घरीं जुन्या पट्ट्या शिल्लक असतील त्यांनीं त्या आणाव्या; ज्यांच्या नसतील त्यांनीं या सुगीपासून त्या चुलींत न घालतां भिंतीच्या खिळ्यास टोंचून ठेवाव्या. सुतार, लोहार, शिंपी, चांभार यांनीं एका नगाचे तास मोजून आणावे. वही नसेल तर शाळेंतून मिळेल.