बाळाचं डोकं चपटं झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. बाळाचं डोकं मागून किंवा एका बाजूने चपटं झालंय, याचा मेंदूवर परिणाम होईल का, हा प्रश्न घेऊन आया माझ्याकडे येतात. येईपर्यंत त्यांना बरीच उत्तरं मिळालेली असतात. आजी मोहरीची उशी सुचवते, मालिशवाली बाई दाबून गोल करून देते म्हणते, मोबाईलवरची जाहिरात हेल्मेट विकते. दवाखान्यातून मिळालेलं उत्तर असतं, ‘होईल आपोआप.’ बऱ्याचदा ते खरंही ठरतं. माझी तक्रार एवढीच, की ते बाळाच्या मानेला हात न लावता दिलेलं असतं.

हा विषय आपण आशाताई, आरोग्यसेविका, परिचारिका आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना नीट शिकवावा, यासाठी हे पत्र. नीट म्हणजे भीती न घालता. खासगी कार्यशाळांमधून अर्धवट ऐकून आलेली मंडळी ‘चपटं डोकं म्हणजे मंद मूल’ असं आयांना सांगू लागली आहेत, ते काहीच माहीत नसण्यापेक्षा वाईट.

जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो आणि वर्षभरात तो 46 च्या आसपास जातो. कवटीची हाडं तेव्हा एकमेकांना जुळलेली नसतात, म्हणून जिथे दाब पडतो तिथे वाढ अडते आणि मोकळ्या बाजूला सरकते. अमेरिकेत 1992 मध्ये बाळांना पालथं न निजवण्याचा सल्ला दिला गेला. झोपेतले अचानक मृत्यू पुढे निम्म्याहून कमी झाले आणि चपटी डोकी वाढली. सौदा फायद्याचाच होता. त्यामुळे प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य हेच हवं: डोक्याच्या आकारासाठी कोणत्याही आईला ‘बाळाला पालथं झोपव’ असं सांगायचं नाही. पालथं घालायचं ते जागेपणी, कुणीतरी समोर बसून.

न्यूझीलंडमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चौथ्या महिन्यात जवळपास पाचातल्या एका बाळाचं डोकं चपटं आढळलं होतं. बाळं दोन वर्षांची होईपर्यंत हे प्रमाण तीन टक्क्यांवर आलं. ‘आपोआप’चा आधार तो हाच.

पण बाळ सतत एकाच बाजूला का पाहतं, हे कुणी विचारत नाही. कधी कारण साधं असतं. पाळणा भिंतीला लागून असतो, उजेड आणि आई एकाच बाजूला. उशाची जागा पायथ्याला केली की बाळ मान फिरवू लागतं. कधी मात्र मानेचा एक स्नायू आखडलेला असतो आणि बाळाला दुसरीकडे वळता येतच नाही. खुळखुळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेला की हे अर्ध्या मिनिटात कळतं. अशा बाळाचा खुबाही तपासावा लागतो, कारण आखडलेली मान आणि खुब्याचा सांधा नीट न बसणं हे दोन दोष कधी कधी जोडीने येतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुरू केलेल्या व्यायामाने मान बहुधा सुटते. उशीर झाला की तोच उपचार लांबतो.

विकासाचं म्हणाल, तर सिॲटलच्या संशोधकांनी अशा मुलांची शाळकरी वयापर्यंत पाहणी करून 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. सौम्य चपटेपणा असलेल्या मुलांत आणि इतर मुलांत फरक दिसला नाही. मध्यम आणि तीव्र चपटेपणा असलेली मुलं बौद्धिक चाचण्यांत सरासरीने थोडी मागे होती. याचा अर्थ डोकं चपटं झाल्याने बुद्धी घटली असा लावायचा नाही. ज्या बाळाचे स्नायू सैल आहेत, हालचाल कमी आहे, ते एकाच जागी पडून राहतं आणि त्याचं डोकं चपटं होतं, असंही असू शकतं. तेव्हा डोकं पाहिल्यावर विचारायचं ते बाळाबद्दल: मान धरतं का, दोन्ही हात सारखे हलवतं का, आवाजाकडे वळतं का?

दुसरी बाब दुर्मीळ, पण चुकवू नये अशी. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळाच्या कवटीची एखादी शिवण, म्हणजे दोन हाडांमधला सांधा, वेळेआधी जुळते. नुसत्या दाबाने चपटं झालेलं डोकं वरून पाहिलं तर त्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो. मागची शिवण जुळली असेल तर कान सहसा मागे ओढलेला असतो आणि कानामागे उंचवटा हाताला लागतो. टाळूपासून शिवणीवरून बोट फिरवताना कडक वरंबा जाणवला, किंवा घेर वाढायचा थांबला, तर ‘होईल आपोआप’ म्हणायची सोय उरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतल्या नऊ जन्मजात दोषांत ही अवस्था नाही. यादीत नसलेलं शिकवलं जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता वेळापत्रक पाहा. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. चपटेपणा दिसू लागतो तो नेमका याच मधल्या काळात. पण याच सुमारास दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी बाळ आपणहून केंद्रावर येतं आणि तिथे सगळ्यांचं लक्ष त्याच्या मांडीवर असतं. त्या सत्रात वरून एक नजर, मान दोन्हीकडे फिरते का ते पाहणं आणि टेपने घेर मोजून नोंदवणं, एवढं बसवता येईल. नवी भेट, नवा भत्ता काही लागणार नाही.

मालिशवाल्या बायांनाही बोलवा. त्यांना हिणवून काही साधत नाही. पहिले सव्वा-दोन महिने बाळ रोज त्यांच्या हातात असतं. पायांवर घेऊन आंघोळ घालताना त्या बाळाला पालथं घालतात, आणि परदेशी पुस्तकं ज्याला व्यायाम म्हणतात तो तोच. तेवढं टिकवायला सांगा, डोकं दाबणं आणि नाक ओढणं सोडायला सांगा.

बाजाराचं थोडक्यात. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला आहे. आपल्याकडे त्या भेट म्हणून दिल्या जातात. हेल्मेटची एक चाचणी नेदरलँड्समध्ये झाली, 2014 मध्ये ती प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली 84 बाळं होती. दोन वर्षांचं होईपर्यंत हेल्मेट घातलेल्यांपैकी 26 टक्के पूर्ण बरी झाली, न घातलेल्यांपैकी 23 टक्के. अतितीव्र विकृती त्यात नव्हती, हे लक्षात ठेवूनही महागडा सल्ला देण्याआधी विद्यार्थ्यांनी हे आकडे वाचलेले असावेत.

आणि शिकवून झाल्यावर चिठ्ठी कुठे द्यायची, तेही ठरवून द्या. आखडलेल्या मानेचं बाळ जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टकडे आठवडाभरात पोहोचायला हवं, आणि ते पद भरलेलं असायला हवं. शिवण जुळल्याचा संशय असेल तर मेंदूशल्यचिकित्सकाचं नाव त्या केंद्राकडे आधीच लिहिलेलं असावं. दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण तीन-चार महिन्यांच्या आतच उत्तम होते. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला जाईपर्यंत बाळ सहा महिन्यांचं झालं, तर पुढे मोठी शस्त्रक्रियाच उरते.

आपली,
एक बाल-फिजिओथेरपिस्ट