सगळीकडे बांधकाम सुरू, मग सिव्हिल शेवटच्या पसंतीला का? आणि घ्यायचंच असेल तर काय बघायचं?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात काय काय सुरू झालं बघा. जानेवारी 2024 मध्ये जवळपास 22 किलोमीटरचा अटल सेतू. जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत. बुलेट ट्रेनचं काम सुरूच आहे.

तरीही बारावीनंतर सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की बहुतेकांच्या ऑप्शन फॉर्मवर वर असतं कॉम्प्युटर, मग एआय, मग आयटी. सिव्हिल खाली कुठेतरी, 'काहीच नाही मिळालं तर' म्हणून.

असं का होतं?

पहिलं कारण पगार. सुरुवातीला साईट इंजिनीअरला मिळणारा पैसा आयटीच्या तुलनेत कमी असतो आणि कामाचे तास जास्त. ऊन, धूळ, बदलीचं गाव. यात खोटं काही नाही.

दुसरं कारण जागांचं. एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली. साहजिकच कॉलेजांनी मागणी असलेल्या कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. आधी ज्याला नाइलाजाने सिव्हिल घ्यावं लागायचं, त्याला आता कुठेतरी कॉम्प्युटर मिळतंच.

पण फक्त पहिला पगार बघून ठरवलं तर या क्षेत्रातली एक गोष्ट सुटते: इथे इंजिनीअरच्या सहीला कायद्याने किंमत आहे. रेरा कायद्यानुसार घर घेणाऱ्यांच्या पैशातले 70 टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. काम जेवढं झालं तेवढेच पैसे काढता येतात, आणि काम किती झालं याचं प्रमाणपत्र आर्किटेक्ट आणि सीएसोबत इंजिनीअरनेही द्यावं लागतं. 30 वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. मुंबई-ठाण्यात अशा इमारती किती, हे रस्त्यावरून चालतानाही कळतं.

सहीला किंमत आहे म्हणजे जबाबदारीही आहे. 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून सात जणांचा जीव गेला. त्याआधीच्या ऑडिटमध्ये हा पूल वापरण्याजोगा ठरवला होता. दुर्घटनेनंतर ऑडिटरला अटक झाली. हे काम जमेल का, हा प्रश्न कटऑफच्या आधी स्वतःला विचारायला हवा.

नावात काय आहे? बरंच काही

सिव्हिल, कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी, सिव्हिल अँड इन्फ्रास्ट्रक्चर... नावं बरीच दिसतील. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात तर कन्स्ट्रक्शन इंजिनीअरिंगची स्वतंत्र पदवी आहे. ढोबळ फरक असा: सिव्हिलमध्ये पाणी, माती, रस्ते, संरचना असं सगळं येतं, कन्स्ट्रक्शनमध्ये भर असतो तो प्रत्यक्ष उभारणी, वेळापत्रक, खर्च आणि कंत्राटांवर. सरकारी नोकरीचा विचार असेल तर साधं 'सिव्हिल' सुरक्षित. जाहिरातीत पात्रता 'सिव्हिल किंवा समकक्ष' अशी असते आणि ते 'समकक्ष' सिद्ध करत बसणं ही वेगळी डोकेदुखी. व्यवस्थापनाकडे वळायचं असेल तर पदवीनंतर एमटेक किंवा पुण्याच्या निकमारसारखे पर्याय आहेतच.

दहावीनंतरचा रस्ताही विसरू नका. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी करून पदवी घेतली तरी सहाच. शिवाय डिप्लोमावर कनिष्ठ अभियंता पदासाठी अर्ज करता येतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा पर्याय खरंच जड आहे.

कॉलेज बघायला गेलात तर

नॅक पूर्ण संस्थेचं असतं, एनबीए शाखेचं. त्यामुळे 'आमचं कॉलेज एनबीए आहे' असं कुणी म्हणालं तर विचारा: सिव्हिलला आहे का, आणि मुदत कधीपर्यंत?

त्याहून महत्त्वाची आहे लॅब. बाहेरचे कंत्राटदार काँक्रीटचे क्यूब तपासायला तिथे येतात का? विभागाकडे बाहेरची सल्लागाराची कामं आहेत का? 2024 मध्ये अंधेरीचा नवा गोखले पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत मीटरभराहून जास्त फरक निघाला, तेव्हा महापालिकेने व्हीजेटीआयचा सल्ला घेतला आणि जॅक लावून बर्फीवालाचा भाग उचलला गेला. ज्या विभागात असली कामं येतात तिथे शिकणं वेगळं असतं. प्लेसमेंटच्या आकड्यांतही एकच प्रश्न पुरे: सिव्हिलची मुलं बांधकाम कंपन्यांत लागली की आयटीत?

फीबद्दल: 2024-25 पासून कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही.

आणि ऑप्शन फॉर्म भरताना लक्षात असू द्या, पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्यामुळे सिव्हिलच हवं असेल तर 'बघू काय मिळतंय' म्हणून पहिल्या क्रमांकावर दुसरं काही टाकू नका.