भागवंतीचा सोशिकपणा

दूरदर्शनवर जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात दाखविल्या गेलेल्या 'हमलोग' या मालिकेचे नाव निघाले की बडकी, छुटकी, नन्हे आणि भागाच्या अखेरीस दोन शब्द सांगणारे अशोककुमार आठवतात. त्या घरातील बाप बसेसरराम दारुडा होता आणि त्या दारूची झळ भागवंतीला, त्याच्या बायकोला, नित्य लागत होती, हे मागाहून आठवते. वस्तुतः मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका निव्वळ करमणुकीसाठी नव्हती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कुटुंबकथेतून लोकशिक्षणाचा जो प्रयोग केला, त्याच्या धर्तीवर ती आखली गेली होती. मुकाट्याने सोसणारी भागवंती प्रेक्षकांना इशारा म्हणून दाखवावी, अशी योजना होती.

झाले उलटेच. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा कित्येकांनी, त्यातही स्त्रियांनी, भागवंतीलाच आदर्श मानल्याचे आढळले. इशारा म्हणून उभी केलेली बाई पूजेला बसली!

मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील तळीराम इतका हसवून गेला की त्याचे नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसले. आजही मद्यपींची बातमी 'तळीरामां'ची म्हणूनच छापली जाते. सिंधूच्या वाट्याला भक्ती आली. पिणाऱ्याला हसावे आणि सोसणारीला हात जोडावेत, ही वाटणी पासष्ट वर्षांनंतर छोट्या पडद्यावरही कायम राहिली. या हसण्यात आणि हात जोडण्यात हिशेब मात्र राहून जातो.

तो हिशेब साधा आहे. पगाराचा काही भाग गुत्त्यावर गेला तर घरखर्चात तेवढी तूट पडते. पण ती चारचौघांच्या नजरेस येत नाही. बायको शिवणकाम घेते, नाहीतर सिंधूप्रमाणे दळण दळते. अंगावरचे डाग सावकाराकडे जातात. ती स्वतःच्या ताटातले कमी करते. थोरलीची शाळा सुटते. तूट अशी परस्पर भरून निघत असल्याने पिणाऱ्याला आपल्या पिण्याची पुरती किंमत कधी मोजावी लागत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, पत्नीचा सोशिकपणा हे व्यसनाला मिळणारे अनुदान होय. हे अनुदान ती राजीखुषीने देते असे मात्र नव्हे. घर तिच्या नावावर नाही, हाती स्वतंत्र मिळकत नाही आणि माहेरचे दार चार दिवसांपुरतेच उघडे, अशा स्थितीत 'सोडून का जात नाही?' हा प्रश्न विचारणाऱ्याला फुकट पडतो.

या व्यवहारात तिसरा भागीदार आहे, तो सरकार. राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीसाठी झटण्यास शासनाला सांगते. त्याच घटनेने मद्यावरील उत्पादन शुल्क राज्यांच्या पदरात टाकले आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून वगळले गेले, आणि इतर अनेक कर हातचे गेलेल्या राज्यांना ही मिळकत अधिकच मोलाची झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीत चोरटी दारू वाहत होती, हे खरेच. परंतु सरकारी खजिन्याची ओढ कोणत्या बाजूला होती, हे सांगावयास नको.

भागवंतीला सोसण्याखेरीज काही करता येईल, अशी एक वाट महाराष्ट्राने २००८ च्या आदेशाने खुली केली. गावातील अथवा वॉर्डातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर तेथील परवान्याचे दुकान बंद होते. गावोगावच्या बायकांनी ही मतदाने जिंकलीही आहेत. मात्र निम्म्यांची मोजणी मतदानास आलेल्या स्त्रियांमधून होत नाही, यादीतील सगळ्या स्त्रियांमधून होते. त्या दिवशी नवऱ्याच्या धाकाने जी घरातच बसून राहते, तिचे न दिलेले मत 'उभ्या बाटली'च्याच उपयोगी पडते.