टेम्पोतला संसार, कोंडाण्याचा कातळ

नेरळला उतरलेला पाहुणा पहिल्यांदा माथेरानचीच वाट विचारतो. 1907 साली सुरू झालेली छोटी रेल्वे, थंड हवा. त्यात नवल ते काय? आम्ही मात्र यंदा माथेरानकडे पाठ केली. नेरळहून प्रवासी टेम्पो भाड्याने घेतला आणि दोन दिवसांचा संसार त्यात भरला. गोधड्या, गॅसची छोटी शेगडी, पाण्याचे कॅन, तांदूळ, सुकट, आणि बायकांनी पहाटे उठून थापलेल्या भाकरी. माणसे अकरा. अमेरिकेत म्हणे लोक घरच चाकांवर घेऊन वाळवंटातले लाल खडक पाहायला निघतात. आमच्या घराला तेवढे न्हाणीघर नव्हते!

पुढच्या सीटवर मामा. उभी हयात खाणीत घण मारण्यात गेली, आता गुडघे गेले. निघतानाच कुरकुरले, "दगडच पाहायचा ना? तो काय मी थोडा पाहिला?"

कर्जत सोडून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागलो आणि समोर राजमाचीचा डोंगर उभा राहिला. काळ्या कातळाचे पट्ट्यांवर पट्टे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचला, त्याचा हा सह्याद्री. एकसंध थर कुठला, भेग कुठे, हे मामांनी गाडीतूनच काठीने दाखवले. कुरकुर तिथेच थांबली.

गाडी गावापर्यंत. पुढे रानातली चढण. मामांना दोघांनी धरून नेले, दर वळणावर बसवले. (जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा. लेण्यावरूनच धबधबा कोसळतो, वाट निसरडी होते.)

कोंडाणे लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्य आणि विहार दोन्ही आहेत. खांब खाली तुटलेत, पण दर्शनी भाग पाहावा : लाकडी सज्जे, जाळ्या वाटाव्यात असे काम, आणि सगळे दगडात! मुलांनी विचारले, कोणी केले? शेजारून कोणीतरी म्हणाले, "पांडवांनी, एका रात्रीत." लहानपणी आम्हीही हेच ऐकले होते.

मामा भिंतीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "एका रात्रीत? नुसत्या ह्या कोपऱ्याला एक पावसाळा गेला असेल."

तिथे एका भग्न मूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले. आम्ही ते सांगितले तेव्हा मामा खालीच बसले. "त्याचं नाव आहे म्हणता? आम्ही एवढे डोंगर फोडले, मजुरीच्या वहीतल्या अंगठ्याशिवाय आमचं काही राहिलं नाही."

रात्र टेम्पोतच काढली. सकाळी खोपोलीवरून खंडाळ्याचा घाट चढून कार्ल्याला गेलो. सुमारे 45 मीटर लांब चैत्य, आणि छताच्या लाकडी कमानी अजून मूळच्या! मामांना पायऱ्या झेपेनात, ते गाडीतच राहिले. आम्ही खाली येताच विचारले, "इथे कोणाचं नाव आहे?"

पुष्कळांची आहेत. त्यात धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. दाराचे काम त्याचे.

मामांनी नातवाला वही काढायला लावली आणि दोन्ही नावे लिहून घेतली.