पाठीवर झोपा, नवी नजर जपा

सकाळी तेलीबांधा तलावाकाठी फिरताना आईला समोरचा उंच तिरंगा धुरकट दिसतो आणि दुपारपर्यंत तोच स्पष्ट दिसू लागतो, असं तुमच्या घरी घडतं का? मग 'नंबर वाढला असेल' म्हणून सोडून देऊ नका. हे पारपटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

असं का होतं?

पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्याच्या सर्वांत आतल्या पेशी पंपासारख्या सतत पाणी बाहेर काढतात, म्हणून ते काचेसारखं राहतं. फुक्सचा आजार किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये झालेली इजा यामुळे या पेशी कमी झाल्या, तर त्या पुन्हा भरून येत नाहीत. रात्री डोळे मिटलेले असल्याने पाणी उडून जात नाही आणि सकाळी सूज जास्त असते.

टाक्यांशिवाय बसणारा पडदा

पूर्वी अख्खं पारपटल बदलून टाके घालत. आता बऱ्याच रुग्णांमध्ये फक्त आतला थर बदलतात. नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये मांडलेल्या 'डीमेक' पद्धतीत दात्याचा हा पडदा साधारण १० ते १५ मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ असतो. त्याला टाके नसतात. डोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा त्याला खालून वर दाबून धरतो. म्हणूनच पडदा सुटणं ही या शस्त्रक्रियेतली नेहमीची अडचण आहे.

ती टाळण्यासाठी डॉक्टर काय करतात?

* पडदा निळ्या रंगाने रंगवतात, त्यावर खूण करतात, म्हणजे तो उलटा बसत नाही.
* रुग्णाचा जुना थर नीट काढतात. त्याचा तुकडा मध्ये राहिला तर नवा पडदा चिकटत नाही.
* काही वेळा साध्या हवेऐवजी जास्त दिवस टिकणारा एसएफ ६ वायू वापरतात.
* बुडबुड्यामुळे डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून बुबुळाच्या रंगीत भागात खालच्या बाजूला बारीक छिद्र ठेवतात.
* थोडा जाड पडदा वापरणाऱ्या 'डीसेक'मध्ये काही सर्जन पारपटलाला बारीक छेद देऊन मधलं पाणी काढतात.

आता तुमची पाळी

बुडबुडा नेहमी वर तरंगतो. पेशंट छताकडे तोंड करून उताणा झोपला, तरच तो पडद्याला योग्य जागी दाबतो. उठून बसताच बुडबुडा सरकतो. त्यामुळे घरच्यांनी हे सांभाळा :

* डॉक्टरांनी सांगितलेले तास आणि दिवस काटेकोर पाळा. भेटायला पाहुणे आले तरी आईला चहासाठी उठवू नका.
* डोळा चोळू देऊ नका. झोपताना डोळ्यावर कवच लावा.
* हैदराबाद किंवा चेन्नईला ऑपरेशन करून घेतलं असेल, तर बुडबुडा विरेपर्यंत विमानाने रायपूरला परतू नका. उंचीवर बुडबुडा फुगून डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. परतीचं तिकीट डॉक्टरांना विचारूनच काढा.
* सुरुवातीला बुडबुड्यामुळे अंधुक दिसणं स्वाभाविक आहे. पण खूप दुखणं, उलट्या, वाढती लाली किंवा सुधारलेली नजर पुन्हा कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पडदा थोडा सुटलाच तर घाबरू नका. किरकोळ असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात, जास्त असेल तर पुन्हा हवा भरतात. बऱ्याचदा तेवढ्याने तो बसतो.

एक गोष्ट मात्र घरात आजच बोलून ठेवा. हा पडदा कारखान्यातून येत नाही, कुणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानातून येतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं लागतं. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि डोकं उशीवर थोडं उंच करा. दुःखाच्या त्या घाईत हे कुणालाच सुचत नाही, म्हणून नेत्रपेढीचा नंबर आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.