फ्रेंच शिकू या : एका 'त'ची किंमत

पॅरिसमध्ये एका 'त'ने मला चांगलाच धडा शिकवला. सेन नदीकाठच्या सँ-मिशेल चौकात मी एका आजोबांना सोर्बोन विद्यापीठाची वाट विचारली. दहा वाजता तिथे एकांना भेटायचे होते. आजोबा म्हणाले, "तू द्र्वा." मी ऐकले 'द्र्वात', आणि वळले उजवीकडे! खाणावळींच्या गल्लीबोळांतून चौकात परत येईपर्यंत साडेदहा वाजले. भेट हुकली ती हुकलीच.

तेव्हा वाचकहो, आज हे तीन शब्द पाठ करा. 'तू द्र्वा' म्हणजे सरळ, 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे आणि 'आ गोश' म्हणजे डावीकडे.

गंमत अशी, की 'द्र्वा' लिहितानाही शेवटी 'त' असतोच. फक्त तो उच्चारत नाहीत. 'द्र्वा' आणि 'द्र्वात' ही लॅटिनमधल्या 'सरळ' या अर्थाच्या एकाच शब्दाची लेकरे. फ्रेंचमध्ये हात स्त्रीलिंगी, म्हणून 'सरळ हात', म्हणजे उजवा हात, झाला 'द्र्वात'. स्त्रीलिंगी रूपाच्या शेवटी स्वर होता. त्या स्वराच्या आडोशाने 'त' वाचला. पुल्लिंगी रूपातला 'त' उघडा पडला आणि बोलण्यातून गळाला. पुढे तो स्वरही मुका झाला, पण लेखणीने दोघांनाही सोडले नाही. आपणही 'घर' लिहितो, पण शेवटच्या 'र'मधला 'अ' कुठे उच्चारतो?

सोर्बोनच्या या भागाला आजही 'लॅटिन वस्ती' म्हणतात, कारण इथले गुरु-शिष्य शतकानुशतके लॅटिनमध्ये बोलत. राजा पहिला फ्रान्स्वा याने 1539 साली फर्मान काढले, की न्यायालयाची कागदपत्रे लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंचमध्ये लिहावीत. 1635 साली भाषेची देखरेख करायला फ्रेंच अकादमी स्थापन झाली. दरबारी फ्रेंच आली, पण तिच्या लिखाणात लॅटिन आजीच्या खुणा राहिल्याच.

आता वाट कशी विचारायची? आधी 'बाँझूर' म्हणा. नमस्कार न करता प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. मग म्हणा, "ला सोर्बोन, सिल व्हू प्ले?" यातला 'व्हू' म्हणजे आपले आदरार्थी 'तुम्ही'. उत्तर येईल, "आले तू द्र्वा, प्वी आ गोश." इथे 'आले' म्हणजे 'जा' बरे का, आणि 'तू' म्हणजे आपला 'तू' नव्हे! सँ-मिशेलच्या रुंद रस्त्याने सरळ जा, मग एकोल रस्त्याला डावीकडे वळा. विद्यापीठ उजव्या हाताला दिसेल : आ द्र्वात.

शेवटी एक युक्ती. ऐकलेले शब्द हाताने दिशा दाखवत पुन्हा म्हणा. चूक झालीच, तर समोरचा माणूस तिथेच सुधारील. मी त्या दिवशी एवढे केले असते, तर भेट हुकली नसती.

या आठवड्याचा अभ्यास : घरापासून बस थांब्यापर्यंतची वाट फ्रेंचमध्ये मोठ्याने सांगा.